कव्हराखालचा पिवळा दिवा

लोकांच्या घरात शिरायचं, आधी मीटरकडे बघायचं आणि मग घरमालकाच्या चेहऱ्याकडे, या कामात माझी हयात गेली. वीज कंपनीच्या भरारी पथकात होतो मी. तारेवर आकडे टाकणारे, मीटरला चुंबक चिकटवणारे, आम्हाला चहा पाजून तेवढ्यात मागच्या दारानं वायर काढणारे, सगळे प्रकार पाहून झाले. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. भाजीवाल्याचा काटा असो की जावयाचं हसणं असो, मी एकदा उलटं करून बघतोच. त्रिशला, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी देवळातसुद्धा मूर्तीच्या मागे वाकून बघतो. तसं मी एकदाच केलं होतं.

त्यामुळे घरी इंटरनेटचा फोन बसवायची वेळ आली तेव्हा मी खुर्ची ओढून समोरच बसलो. जुनी फोनसेवा टप्प्याटप्प्यानं बंद होत होती. यापुढे आवाजही इंटरनेटवरूनच जाणार होता आणि त्यासाठी घरोघरी एक पेटी लावून घ्यायची होती. आमच्या नागपूरच्या घरी ती लावायला रुहीना पठाण नावाची तरुण इंजिनिअर आली. तिनं टीव्हीशेजारी पांढरी पेटी ठेवली, तिला वायर जोडली, शेजारी फोन ठेवला आणि म्हणाली, "झालं काका. लावा आता कुणालाही."

"आधी मला समजावून सांग," मी म्हणालो.

तिनं बिचारीनं सांगितलं. आपण बोलतो त्या आवाजाचे अगदी बारीक तुकडे होतात. एखादं पत्र फाडून त्याचे कपटे वेगवेगळ्या पोस्टमनांच्या हाती द्यावेत तसे ते निरनिराळ्या वाटांनी जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. एखादा कपटा वाटेत हरवला की आवाज तुटतो. पूर्वीची यंत्रं अशा वेळी मागचाच आवाज थोडा ताणून ते भोक बुजवायची. ही नवी पेटी तसं करत नाही. ती घरातल्या माणसांचं बोलणं ऐकत राहते, शिकते आणि शिकलेलं पलीकडच्या पेटीलाही कळवते. कोण कोणता शब्द कशानंतर वापरतं, कुठे थांबतं, कुठे खाकरतं. मग तुमचा एखादा कपटा हरवला, तर पलीकडची पेटी तुमच्याच आवाजात तो नवा बनवते आणि जागेवर बसवते.

"म्हणजे मी न बोललेलं?"

"तुम्ही बोललेलं, पण न पोचलेलं."

"आणि मी बोललोच नसेन तर? हरवलं कोणतं आणि बोललंच नाही कोणतं, हे तिला कसं कळणार?"

रुहीना हसली. "काका, तुम्ही पहिलेच आहात असं विचारून राहिले ते." मग तिनं पेटीच्या पुढच्या बाजूचा बारीकसा दिवा दाखवला. पलीकडच्याचा खरा आवाज येत असेल तर हिरवा, पेटीनं भरलेला असेल तर पिवळा. हे मला पटलं. दिव्याची भाषा मला कळते.

"अखंड संभाषण नावाची सोय आहे. तिच्यात मोठी खिंडारं पण भरली जातात. चालू ठेवू का?"

मी तोंड उघडायच्या आत त्रिशला म्हणाली, "ठेव गं बाई. मेघनाचं दर वाक्य अर्ध्यात तुटतं."

मेघना आमची मुलगी, मेलबर्नला असते. तिचं नाव निघाल्यावर माझं काही चालत नाही.

आठवडाभरात त्रिशलानं पेटीला लोकरीचं कव्हर विणलं. आमच्या घरात टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, गॅसच्या सिलिंडरलाही आहे. जांभळं कव्हर, खाली पांढरी झालर. झालर बरोबर दिव्यावर येत होती. मी एकदा म्हणालो, "दिवा झाकला जातोय." ती म्हणाली, "धूळ बसते." जन्मभर लोकांच्या मीटरवरची झाकणं काढत फिरलेला माणूस स्वतःच्या घरात एका झालरीपुढे गप्प बसला. वर तिनं तसंच दुसरं कव्हर विणून अक्कालाही पाठवलं.

अक्का म्हणजे राजमती, माझी थोरली बहीण. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठच्या आमच्या गावी ती एकटी राहते. आई लवकर गेली आणि अक्कानं मला वाढवलं. तिचं लग्न गावातच झालं होतं, ती मला सासरी घेऊन गेली आणि तिच्या सासूनं तोंड वाकडं केलं तरी तिनं मला परत पाठवलं नाही. पुढे भाऊजी गेले, मूलबाळ नव्हतं. मी नागपूरला नोकरी धरली आणि तिकडचाच झालो. हे सगळं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे बोलून दाखवत नाहीत. रोज संध्याकाळी फोन करायचा, ती "जेवलास काय?" म्हणणार, मी "हो" म्हणणार, मग पाऊसपाणी, गुडघे, गावातली लग्नं.

आषाढाच्या सुमाराला अक्काच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं, ऑपरेशन लवकर झालं तर आशा आहे, नाही केलं तर दिवाळी अवघड. अक्का एका शब्दात मोकळी झाली. "न्हाई. सत्तरी उलटली माझी. आता कशाला चिराफाड? आनि मागनं करायचं कुनी माझं?"

मी रोज समजावत होतो, ती रोज नाही म्हणत होती. मग चातुर्मास लागला. त्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. "भुपाल, औंदा म्या नेम घेतलाय बघ," ती म्हणाली, क्षणभर खरखर झाली आणि मग, "कांदा-लसूण सोडल्यात."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर विचारात पडलो. आम्ही जैन. आमच्यात पुष्कळ घरांत चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात हे खरं, पण अक्कानं भाऊजी गेले त्या वर्षीच तो कायमचा सोडला होता. सोडलेली गोष्ट पुन्हा कशी सोडणार? वय झालं, विसरत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर अक्का बदलली. संध्याकाळच्या फोनवर ती गोड बोलू लागली. मी ऑपरेशनचा विषय काढला की "तू म्हनशील तसं रं बाबा," म्हणायची. चार-पाच दिवसांत तिनं चक्क होकार दिला. मी मिरजेला कळवून श्रावणातली तारीख ठरवली. त्रिशलानं साखर वाटली. मी साखर खाल्ली, पण मला ते पटेना. अक्कानं आयुष्यात माझं कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या सहज मान्य करणारी बाई माझी अक्का नव्हे. आणि ती मला "जेवलास काय?" विचारायची विसरू लागली होती.

मग मी पथकातल्यासारखा कान लावून ऐकू लागलो. अक्काचं घर बस्तीला लागून आहे. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर. संध्याकाळच्या आरतीची घंटा तिच्या फोनमधून नेहमी ऐकू यायची. आता मात्र घंटा मी बोलत असताना ऐकू येई आणि अक्का बोलू लागली की थांबे. अक्का गप्प झाली की पुन्हा सुरू. कुठलं मंदिर एका बाईचं बोलणं संपायची वाट बघत घंटा वाजवतं?

दुसऱ्या दिवशी फोन लावला आणि पेटीवरची झालर वर उचलली.

दिवा पिवळा होता. अक्का म्हणत होती, "काळजी करू नगंस, मी खंबीर हाय." पिवळा. "डॉक्टर म्हनतील तसं करू." पिवळा. मी मुद्दाम वेडंवाकडं विचारलं, "अक्का, आपल्या म्हशीचं नाव काय होतं गं?" पेटी जरा अडखळली आणि अक्का हसली, "कुटलं कुटलं काढतोस रं!" हसणंसुद्धा पिवळं होतं. फोन ठेवेपर्यंत एकदाही हिरवा लागला नाही.

मी रुहीनाला बोलावून घेतलं. तिनं पेटीला आपला लॅपटॉप जोडला, आदल्या फोनची नोंद काढली आणि गंभीर झाली. "लाइन तर पूर्ण चालू दिसून राहिली, काका. तिकडून फोन उचलला आहे, माणूस समोर आहे, पण बोलणं काहीच येत नाही. म्हणून पेटीनं सगळंच भरलं."

"माणूस समोर आहे आणि बोलत नाही, तर पेटीनं गप्प बसावं की."

"लोकांना शांतता चालत नाही ना. फोन बिघडला म्हणून तक्रारी येतात. नवीन सुधारणा आली तेव्हापासून शांतता पण हरवलेल्या आवाजात धरतात." मग खालच्या आवाजात म्हणाली, "बंद करून देऊ का ही सोय? पण सांगते काका, ज्यांना ज्यांना कळलं, त्यातल्या फार थोड्यांनी बंद केली."

ती हे सांगत असतानाच मेघनाचा फोन आला आणि त्रिशला बोलायला बसली. माझी नजर पेटीकडे गेली. झालर अजून वरच होती. "हो आई... खरंच?... मग काय म्हणाल्या काकू?" मेघना मायेनं विचारत होती, आणि दिवा पिवळा होता. मध्ये थोडा वेळ हिरवा झाला, तेव्हा मेघना म्हणाली, "आई, मीटिंग आहे, पण तू बोल." पुन्हा पिवळा. त्रिशला कुणाच्या तरी डोहाळजेवणाची गोष्ट रंगवून सांगत होती. मी हळूच झालर खाली सोडली.

रुहीना गेल्यावर त्रिशला माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला बंद करायला सांगू नका."

"तुला माहीत आहे?"

"पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. कव्हर मी धुळीसाठी विणलं असं वाटतं का तुम्हाला? पोरगी कामात असते. निदान कुणीतरी हं हं म्हणतं. तुम्ही तर समोर बसून तेवढंही म्हणत नाही."

एवढ्या वर्षांत तिनं मला असं काही ऐकवलं नव्हतं. मला राग आला, मग लाज वाटली, आणि मग पुन्हा संशय आला, की आजवर मी कुणाकुणाशी खरंच बोललोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला फोन लावला. हिरवा दिवा. "जेवलास काय?" पहिलाच प्रश्न. मी विचारलं, संध्याकाळी तुला काय होतं?

"काय हुतंय? नेम हाय की माजा. दिवे लागल्यापास्नं सकाळपतोर मौन. तुला सांगितलं हुतं की त्या दिवशी."

म्हणजे खरखर झाली त्या भोकात मौन पडलं होतं आणि पेटीनं वर कांदा-लसूण ठेवलं होतं.

"मग फोन कशाला उचलतेस?"

"तुजा आवाज ऐकायला. आनि उत्तर देते की. फोनवर टिचकी मारते. एक म्हंजे व्हय, दोन म्हंजे न्हाई. तुला ऐकू येत न्हाईत व्हय?"

भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, टकटक, बोलणं नसलेलं जे जे काही असेल ते पेटी आधी गाळून टाकते, हे रुहीनानं सांगितलं होतं. घंटा पेटीनं पूर्ण गाळली नव्हती, टिचक्या मात्र सगळ्या गाळल्या होत्या. मी रोज "मग ऑपरेशन ठरलं ना?" म्हणत होतो आणि माझी म्हातारी बहीण पलीकडे अंधारात बसून नाही, नाही, नाही असं वाजवत होती. ते सगळं मला होय म्हणून ऐकू आलं होतं.

तिथल्या तिथे विचारायला हवं होतं, की तुझं खरं उत्तर काय? विचारलं नाही. दिवा हिरवा होता, पण दिव्याची हमी कोण देणार? मी स्वतः दिवे फसवणारे लोक पाहिलेत. आणि खरं कारण वेगळंच होतं. मला तो होकार हवा होता. तो खोटा निघाला तर अक्का जाणार हे मला माहीत होतं आणि मला ते सहन झालं नसतं. विचारायचंच तर तोंडावर विचारू, असं म्हणून मी गाडीचं तिकीट काढलं. ऑपरेशन तीन दिवसांवर आलं होतं. त्रिशलानं विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "चार."

मिरजेला उतरून एसटीनं गावी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. अक्का घराच्या पुढच्या सोप्यात पाटावर बसली होती, हातात जपमाळ. मला बघून तिचा चेहरा फुलला, पण ती बोलली नाही. वाळली होती. पाठीमागच्या फळीवर पेटी होती आणि तिच्यावर जांभळं कव्हर. अक्कानं मला हातानं खुणावून जेवायला वाढलं. ती जैनांच्या रीतीनं सूर्य मावळायच्या आत जेवून घेते, माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं.

जेवण झाल्यावर मी तिच्यासमोर बसलो. "अक्का, फोनवर नाही, इथं विचारतो. ऑपरेशनला तू तयार आहेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पाटाशेजारच्या पितळी तांब्यावर नखानं टिचकी मारली. एक. मी दुसरीची वाट बघत बसलो. दुसरी आलीच नाही.

मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःवरच हसलो. एवढा प्रवास, एवढा संशय, आणि पेटीनं भरलेलं उत्तर अखेर खरंच निघालं. त्या आनंदात मी झोपलो.

सकाळी अक्का बस्तीतून दर्शन घेऊन आली, चहा केला आणि माझ्यापुढे बसली. आता तिला बोलता येत होतं.

"आधी किती दिवस न्हाईच म्हनत हुते बघ मी. तू आपला ठरलं, ठरलं करत हुतास. माजं नख दुखलं वाजवून. मग त्या दिवशी तू तसं बोललास, तवा एक टिचकी मारली."

"कसं बोललो?"

"आता माज्या तोंडनं वदवून घेतोस व्हय?" ती लाजल्यासारखी हसली. "म्हनालास, अक्का, आई गेली तवा सासूचं ऐकून घिऊन तू मला पदराखाली ठेवलंस. तू गेलीस तर मला कोन हाय? ऑपरेशन करून घे. मी येतो तुज्याजवळ ऱ्हायला, जातच न्हाई परत."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी हे कधीच बोललो नव्हतो. मग आठवलं. एका संध्याकाळी अक्काशी बोलत होतो, त्रिशला बाहेर गेली होती आणि गॅसवर दूध होतं. ते उतू जातंय असा वास आला म्हणून फोन तसाच टेबलावर टाकून मी धावलो होतो. दूध सांडलंच होतं. ओटा पुसून यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात अक्काच्या घरातल्या पेटीला माझी शांतता ऐकू आली आणि तिनं ती भरून काढली.

पदराखाली ठेवल्याची गोष्ट मी एकदा मेघनाला फोनवर सांगितली होती, ते आमच्या पेटीनं ऐकून ठेवलं असणार. पण परत जातच नाही, हे मी कुणालाच म्हणालो नव्हतो. मनातसुद्धा नाही. की मनात होतं आणि पेटीनं ते माझ्याआधी ओळखलं? मला त्या वस्तूची खरोखर भीती वाटली. चोराला जशी मीटरची वाटते तशी.

अक्का माझ्याकडे टक लावून बघत होती. माझ्याच आईची लेक ती. संशय काही एकट्या माझ्या वाट्याला आलेला नाही.

"मला तवाच वाटलं," ती म्हणाली, "ह्यो भुपाल न्हवं. भुपाल असलं बोलत न्हाई. आयुष्यात बोलला न्हाई. तरीबी टिचकी मारली. म्हटलं, खरं असंल तर येईल. आनि तू आलास."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आता मदी काय फोन न्हाई, काय न्हाई. म्हनून विचारते. खरं असंल तर उद्या मिरजेला जाऊ. खोटं असंल तरी माजा राग न्हाई बघ. पर मग मी काय टेबलावर झोपत न्हाई. एकटीनं बरं हुऊन पुन्हा एकटीनंच बसायचं, त्यापरीस हाय ते बरं." ती थांबली. "खरं हाय न्हवं ते?"

नाही म्हणणं सोपं होतं, सरळही होतं. जन्मभर मी खोट्या आकड्यांवर लाल शेरे मारले. आणि होय म्हणायचं तर नागपूरचं घर होतं, चार दिवसांचं सांगून निघालो होतो, आणि त्रिशला होती, जिला माझ्यापेक्षा एका पेटीचं हं हं बरं वाटतं. तिला काय सांगणार होतो ते मला ठाऊक नव्हतं. तिला हे सांगायचं तर आधी तिच्यासमोर बसून बोलावं लागणार होतं, आणि ते तर मी कधी केलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. त्या पेटीनं माझ्या आवाजात जे इतकं सहज म्हटलं होतं, तेच मला म्हणायचं होतं. शब्द काही निघाले नाहीत. बाहेर बस्तीत कुणीतरी घंटा वाजवली, तिचा आवाज विरून गेला. आमच्या दोघांमधली शांतता तशीच राहिली. ती भरायला कुणी आलं नाही.

अक्काचा चेहरा हळूहळू उतरू लागला. ती उठायला म्हणून जमिनीवर हात टेकू लागली.

मी हात लांब केला आणि तिच्या पाटाशेजारच्या पितळी तांब्यावर नखानं टिचकी मारली.

अक्का तशीच, अर्धवट उठलेली, ऐकत राहिली, दुसरी येते का म्हणून. तांब्याचा नाद पुरता थांबला. मग ती पुन्हा खाली बसली आणि म्हणाली, "चहा गार झाला असंल तुजा. आन, गरम करून देते."